शेऱ्यासह सादर

धुळ्याच्या एमआयडीसीत माझा लाकडी पेट्यांचा कारखाना आहे. पत्ता सांगून तो सापडत नाही. शेवटच्या रांगेत, नाल्याच्या कडेला, जिथे डांबर संपतं आणि बाभळी सुरू होतात, तिथे यावं लागतं. माल न्यायला आलेला ट्रक वळवायला जागा नाही, म्हणून तो वळणापासून उलटाच येतो. त्याचं ते पीं-पीं सुरू झालं की मला एका माणसाची आठवण होते आणि माझं डोकं फिरतं. मला रस्त्याच्या तोंडाशी भूखंड मिळणार होता. तो मिळाला नाही, कारण माझ्या अर्जाची टाचणी उजव्या कोपऱ्यात होती.

टाचणी डाव्या कोपऱ्यात असते. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

हे मला ज्यांनी शिकवलं ते एमआयडीसीच्या ऑफिसातले हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मीही म्हणे. मनात काय म्हणे ते इथे लिहिता येणार नाही. अंगाने कागदासारखे, इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला तीन पेनं. निळं लिहायला, लाल खुणा करायला आणि तिसरं हिरवं. हिरव्या शाईने सही करण्याचा अधिकार मोठ्या साहेबांना. भाऊसाहेबांना तो कधीच मिळाला नाही. "वापरण्याचा अधिकार नाही," ते म्हणत, "पण बाळगायला मनाई असल्याचं परिपत्रक माझ्या पाहण्यात नाही."

चूक हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. पहिल्यांदा त्यांनी माझा अर्ज परत केला तेव्हा मी विचारलं, "काय चुकलं, भाऊसाहेब?"

"चुकलं म्हणालो का मी? चूक माणसाची असते. कागदाची असते ती त्रुटी. तुमच्यावर माझा काही राग नाही, अर्जदार."

अर्जदार. वीस-बावीस वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. बाजारात भेटले तरी, "काय अर्जदार, मेथी घेतली का?"

मी पारोळ्याकडच्या खेड्यातला. बाजार समितीतली फुटकी खोकी गोळा करायची, वाकडे खिळे दगडावर सरळ करायचे, परत खोकी ठोकून विकायची, इथून मी सुरुवात केली. हात कुणी दिला नाही. घासाघीस मात्र मला जन्मतःच येते. डॉक्टरने सात दिवसांच्या गोळ्या दिल्या तर मी पाच दिवसांवर आणतो. पण भाऊसाहेबांच्या टेबलाशी माझी विद्या चालली नाही. एकदा सही चौकटीच्या बाहेर गेली होती. एकदा शाई जांभळी निघाली. एकदा मी 'राहणार' लिहून पुढे गावाचं नाव लिहिलं, तर म्हणाले, "राहणार म्हणजे पुढे राहणार की सध्या राहतात?" असा सहा वेळा परत आलो. सातव्या वेळी मी अर्ज वकिलाकडून लिहून घेतला, दोन शिक्षकांकडून तपासून घेतला आणि छाती काढून टेबलावर ठेवला. भाऊसाहेबांनी तो तासभर वाचला. मग उचलून बाजूने पाहिला.

"टाचणी उजव्या कोपऱ्यात आहे."

मी त्या दिवशी ऑफिसात एक खुर्ची आपटली. ती मोडली. तिचा वेगळा कागद झाला. तोवर भूखंड दुसऱ्याला गेला आणि मला नाला मिळाला.

तर असा हा माणूस. मागच्या वर्षी एका दुपारी तो माझ्या फाटकातून आत आला. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण तिन्ही पेनं जागेवर. काखेत फाइल. मागे एक कुत्रा. पिवळट रंगाचा, गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला.

"अर्जदार, प्राण्याच्या प्रवासाची पेटी करता का?"

मी रंधा खाली ठेवला. इतकी वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघत होतो. "करतो की, भाऊसाहेब. टाचणी कोणत्या कोपऱ्यात लावू?"

ते गंभीरपणे म्हणाले, "टाचणी नाही चालणार. खिळेही नाहीत. स्क्रू हवेत, टोकं आत येता कामा नयेत. नियम आहे."

टोमणा त्यांना कळत नसे. त्यावर परिपत्रक निघालेलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती मुलगी इंग्लंडात, लीड्सला, एका दवाखान्यात नोकरीला. ह्यांच्या हृदयात, त्यांच्याच शब्दांत, 'एक त्रुटी निघाली' आणि स्प्रिंग बसवावी लागली. मुलीने दोन वर्षं वकिलांमागे फिरून बापाचा तिकडे कायम राहण्याचा परवाना मिळवला. अमुक तारखेच्या आत जाऊन पोचायचं, नाहीतर तो बाद. आणि हे म्हणाले, कुत्र्याशिवाय येणार नाही. एकटं राहिलं तर काय होईल ते डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. मुलगी फोनवर रडली. ह्यांनी तिला सांगितलं, "रडल्याने नियम बदलत नाहीत. कुत्र्याची नियमावली पाठव."

ती फाइल म्हणजे ती नियमावली. चाळीस पानं. माणसं श्रावणात पोथी वाचतात तशी त्यांनी ती वाचली होती, हातात लाल पेन घेऊन. एकही लाल खूण नव्हती.

"अर्जदार," ते हळू आवाजात म्हणाले, "काय लिहिलंय! एक जागा सोडलेली नाही. अहो, पेटीच्या लाकडालासुद्धा ओळखपत्र लागतं. भट्टीत तापवून त्यावर कीड नसल्याचा, कणसाचा शिक्का. लाकडाला! आपण माणसांकडून फक्त रहिवासी दाखला मागत होतो."

"आपण नाही. तुम्ही."

मी मनाशी पक्कं केलं. पेटी करीन, पण ह्यांना सात वेळा फाटकातून परत पाठवीन. घरी बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आते कसाले चिडतस? त्या कुत्रानी तुमनं काय बिघाडं?"

कुत्र्याचं नाव शेरा. लोकांना वाटे वाघ-सिंहातला शेर. भाऊसाहेब दुरुस्त करत, "शेरा. फाइलीच्या समासात असतो तो. हा आमच्या रेकॉर्ड रूमच्या दारात, समासातच सापडला होता." पिल्लू घरी आणलं ह्यांनी, वाढवलं बायकोने. ती शिरपूरकडची, घरात अहिराणीच बोलायची. त्यामुळे शेऱ्याला अहिराणीखेरीज काही कळत नसे. भाऊसाहेब बायकोशी आयुष्यभर ऑफिसच्या मराठीत बोलले, "आमटीत मिठाची त्रुटी आहे," असं. ती गेल्यावर मात्र त्यांना कुत्र्यासाठी अहिराणीत यावं लागलं. शर्टाला इस्त्री, खिशाला तीन पेनं, आणि खाली वाकून, "शेरा, अठे ये. बठ. गुमान बठ." शेरा लगेच बसे. अठे म्हणजे इथे, बठ म्हणजे बस, हे खानदेशातल्या कुत्र्याला सांगावं लागत नाही.

पहिलं खटलं सुईचं निघालं. नियम असा की आधी कुत्र्याच्या मानेत तांदळाएवढी चिप बसवायची, त्यावर पंधरा आकडी क्रमांक, आणि मगच पिसाळण्याची लस. शेऱ्याला दर वर्षी लस दिलेली, कार्ड शिक्क्यांनी भरलेलं. पण चिप नव्हती, म्हणून ते सगळं बाद.

"आठ वर्षं दिली की हो!" मी म्हणालो. "कुत्रा तोच आहे, मान तीच आहे."

"तोच आहे कशावरून?" भाऊसाहेबांचे डोळे चमकले. "क्रमांक नसताना दिलेली लस कुणाला दिली? एका अनोळखी कुत्र्याला! बघा, किती सूक्ष्म आहे. तीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर मत्सर होता. खरा, निर्मळ मत्सर.

चिपवाला डॉक्टर जळगावला. माझा टेम्पो तिकडे जाणारच होता, म्हणून घेऊन गेलो. घेऊन का गेलो ते विचारू नका. डॉक्टरने चिप बसवली, यंत्र मानेवर फिरवलं, क्रमांक उमटला. भाऊसाहेबांनी तो लिहून घेतला आणि परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत पाठ केला, नंतर उलटा पाठ केला. मग डॉक्टरच्या दाखल्यावर नजर गेली. जातीच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं 'नॉनडिस्क्रिप्ट'. गावठी कुत्र्याला डॉक्टर लोक तेच लिहितात.

"वर्णन नसलेला?" भाऊसाहेब ओरडले. "गाडी थांबवा! ज्याचं वर्णनच नाही त्याला कोण आत घेईल?"

"भाऊसाहेब, ती जात आहे. कुत्र्याची."

"जात म्हणजे वर्णनाचा अभाव नव्हे."

गाडी परत जळगावला. डॉक्टर नशिबाने सज्जन, म्हणून ती दुपार निभली. ते म्हणाले, आजोबा, जगभर हेच लिहितात. शेवटी 'नॉनडिस्क्रिप्ट'च्या खाली शेऱ्याचं वर्णन सात ओळीत लिहून घेतलं, 'डावा कान सामान्यतः पडलेला' इथपर्यंत. त्या 'सामान्यतः'साठी पंधरा मिनिटं गेली.

लशीनंतर तीस दिवस थांबून रक्त काढायचं, ते परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि रक्त काढलेल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. माणसाच्या परवान्याची मुदत एकीकडून येत होती आणि कुत्र्याचे तीन महिने दुसरीकडून. दोन्हीत अंतर राहिलं चार दिवसांचं. भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ते चार दिवस निळ्याने रंगवले आणि रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून चहा प्यायला लागले. एक कागद अडला असता तरी ते चार दिवस गेले असते, आणि कुत्रा राहिला असता तर ते राहिले असते. गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही होतं.

आणि पेटी? सात वेळा परत पाठवायचं ठरवलं होतं मी. परत पाठवली त्यांनी. चार वेळा.

माप घ्यायचा नियम आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, खांद्याची रुंदी, आणि उभा असताना जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत उंची. आता कोणत्या कानाच्या? मी पडलेल्या कानाचं माप धरलं, फळी वाचते. भाऊसाहेब म्हणाले, उभ्या कानाचं.

"मधलं धरू," मी म्हणालो. "एक इंच तुम्ही सोडा, एक इंच मी सोडतो."

"नियमात घासाघीस नसते."

"घासाघीस होत नाही असा नियम मी अजून पाहिला नाही."

"तुम्ही पाहिला आहे," ते शांतपणे म्हणाले. "सात वेळा."

मी करवत भिरकावली. शेऱ्याने दोन्ही कान उभे केले. भाऊसाहेबांनी तेवढ्यात टेप लावला. "हं. घाबरल्यावर अडीच इंच जास्त. विमानात घाबरेल. हे माप धरा."

पहिली पेटी त्यात गेली. दुसरी पाण्याच्या वाडग्यात, कारण दार न उघडता बाहेरून पाणी ओतता आलं पाहिजे. तिसऱ्या पेटीत शेरा डावीकडून वळत होता, उजवीकडून वळत नव्हता. मी म्हणालो, "विमानात त्याला नाचायचंय का?" चौथ्या वेळी ते म्हणाले हवा खेळते की नाही ते बघू, आणि स्वतः आत शिरले. गुडघे छातीशी घेऊन बसले, फाइल मांडीवर. मी दार लावलं. कडी घातली. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्या डोक्यात तो ट्रक पीं-पीं करायला लागला. मी कडी तशीच ठेवून चहाला निघून गेलो.

अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा माझी मलाच थोडी लाज वाटत होती. शेरा पेटीसमोर बसून होता. जाळीतून भाऊसाहेबांचा आवाज आला, "अर्जदार, कडी उत्तम बसते. आतून उघडत नाही, मी तीनदा प्रयत्न केला. हवा पुरेशी आहे. मात्र डाव्या कोपऱ्यात एक कुसळ लागतं. त्रुटी किरकोळ आहे."

असा माणूस असेल तर सूड घ्यायचा कसा?

पाचवी पेटी पास झाली. कणसाचा शिक्का, दोन्ही बाजूंना वर दाखवणारे बाण, 'जिवंत प्राणी' अशी पट्टी. मला वाटलं सुटलो. तर भाऊसाहेब एक चिठ्ठी घेऊन आले.

"विमानतळावरच्या लोकांना अहिराणी येत नाही. शेऱ्याला इंग्रजी येत नाही. मधल्या मध्ये मुक्या प्राण्याचे हाल. तेव्हा पेटीवर इंग्रजी अक्षरात हे शब्द रंगवा, आणि पुढे त्यांचा अर्थ." चिठ्ठीवर होतं: अठे ये, बठ, उठ, गुमान. प्रत्येकाच्या पुढे इंग्रजी अर्थ, अर्थाच्या पुढे उच्चार.

"हे नियमात आहे का?"

"नाही. हे माझ्याकडून."

नियमात नसलेली गोष्ट त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. पण तेव्हा मला ते जाणवलं नाही. मला चार महिन्यांचा राग आला होता, त्याच्यामागे बावीस वर्षांचा. "भाऊसाहेब, माले येडा समजी ऱ्हायनात का? जाळी आहे, बाण आहेत, शिक्का आहे. एवढी पोथी कुठे लिहू?"

"तीन शब्द घ्या मग."

"एक."

"दोन, अर्थासह."

"एक. अर्थ नाही. एकाच शब्दाची जागा आहे, घ्यायचा तर घ्या."

जागा होती. मी सांगतो, होती. दारावर आख्खी फळी मोकळी होती. पण आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाशी घासाघीस जमत होती आणि ती मला सोडवत नव्हती. त्यांनी लाल पेनाने चिठ्ठीवरचे बाकीचे शब्द खोडले. म्हणाले, "बठ लिहा. बसला की तो शांत होतो."

मी रंग कालवला. बी, ए, टी, एच. पुठ्ठ्याचा छाप ठेवून लावला, हातभर लांब, लाल. अक्षर काढतानाच मला दिसलं काय होतंय ते. सातवीपर्यंतचं इंग्रजी मलाही येतं. "भाऊसाहेब, हे बाथ वाचतील बरं का. आंघोळ."

"मजकूर अर्जदाराने सुचवू नये," ते म्हणाले.

मग मी छाप उचलला. मनात म्हटलं, घालेल कुणीतरी कुत्र्याला आंघोळ. लंडनच्या थंडीत. एवढी शिक्षा मला मान्य होती.

मुंबईला आम्ही माझ्या टेम्पोनेच गेलो. प्राणी तपासणीच्या ऑफिसात एक मॅडम होत्या. भाऊसाहेबांनी फाइल पुढे केली, टाचणी डावीकडे, पानांना क्रमांक, शेवटी अनुक्रमणिका. मॅडमनी पानं उलटली, शेऱ्याच्या मानेवर यंत्र फिरवलं, शिक्का मारला.

"झालं, आजोबा."

"झालं म्हणजे?"

"सगळं बरोबर आहे. जा तुम्ही."

"एकही त्रुटी नाही?"

"नाही."

"एकदा परत बघा ना. सातव्या पानावर…"

"आजोबा, इतके व्यवस्थित कागद मी आजवर बघितले नाहीत. निघा आता, मागे रांग आहे."

ते उठले, पण लगेच चालेनात. हातात शिक्का मारलेला कागद धरून उभे. मी त्यांना कोपराला धरून बाहेर आणलं.

माल घेतात त्या दाराशी शेऱ्याला पेटीत घालायचं होतं. तो आत गेला, वळला, उजवीकडूनच वळला, आणि जाळीतून बघायला लागला. दोन्ही कान वर. अडीच इंचाची जागा पुरली. भाऊसाहेब वाकले. "शेरा. बठ. मी शे." म्हणजे मी आहे. शेरा बसला. मग त्यांनी कडी स्वतः लावली, पेटी आत गेली, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अर्जदार, पेटी समाधानकारक आहे." 

त्यांचं विमान त्यापुढचं होतं. मी धुळ्याला परत आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन. "काका, पेटीवर तुम्ही काय लिहिलं होतं?"

 "का गं? आंघोळ घातली का?"

"आंघोळ कसली? काका, शेरा आलाच नाही. दुसरंच कुत्रं आलंय!"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. इंग्लंडात बाथ नावाचं एक शहर आहे.

घडलं ते असं. मुलगी बापाला घेऊन पुढे लीड्सला गेली होती. लंडनच्या विमानतळावर शेऱ्याची तपासणी झाली, चिप जुळली, कागद बघून तिथेही सगळे खूश. घरपोच आणायला मुलीने गाडी ठरवली होती. त्या गाडीत दोन कुत्री होती, एक लीड्सचं आणि एक बाथच्या एका आजीबाईंचं. आता ज्या पेटीच्या दारावर हातभर लाल अक्षरात 'बाथ' लिहिलंय ती पेटी कुठली, हे ड्रायव्हरने कागदात कशाला बघावं? शेरा गेला बाथला. लीड्सच्या दारात ड्रायव्हरने उतरवलं ते पांढरंशुभ्र, कापसाच्या गाठोड्यासारखं काहीतरी.

भाऊसाहेब दारात आले. ड्रायव्हरने सहीसाठी कागद पुढे केला. मुलगी किंचाळली, "बाबा, हा शेरा नाही!"

"थांब," हे म्हणाले. "आधी क्रमांक बघू."

"बाबा, कुत्रा बघा ना!"

"कुत्रा बघून काय कळतं?" त्यांनी चष्मा लावला, पंधरा आकडे वाचले, मग उलटे वाचले. "क्रमांक जुळत नाही. परत करा." आणि मग, मुलगी सांगत होती, ते दाराच्या पायरीवर बसले आणि छातीवर हात ठेवला.

"दुखतंय का त्यांना?" मी ओरडलो.

"नाही म्हणतात. पण काका, ते उठतच नाहीत. ते सारखं म्हणतायत, मजकूर माझा होता, मजकूर माझा होता."

मी फोन धरून कारखान्यात उभा होतो. समोरच्या फळीवर छापाचा तो पुठ्ठा वाळत टाकलेला होता, लाल कडांचा. एकच शब्द. अर्थ नाही. घ्यायचा तर घ्या.

आजीबाईंचा नंबर मिळेपर्यंत दोन तास गेले. तिथे पेटीचं दार उघडून तास झाला होता आणि शेरा बाहेर येत नव्हता. पाणी नाही, खाणं नाही, कान खाली. आजीबाई त्याच्याशी फार प्रेमाने बोलत होत्या, पण इंग्रजीत. मुलीने त्यांना फोन मोठ्या आवाजावर करून पेटीजवळ धरायला सांगितलं आणि इकडे बापाच्या तोंडाशी धरला. मी तिसऱ्या टोकाला, तिच्या दुसऱ्या फोनवर.

"शेरा," भाऊसाहेब म्हणाले. "अठे ये."

काही नाही. मग तिकडून नखांचा आवाज आला, फरशीवर.

"बठ. गुमान बठ. मी शे."

आणि त्या आजीबाई इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मुलगी रडत हसली. "काका, बसला तो. त्या म्हणतायत, अय्या, हे तर ह्याच्या पेटीवरच लिहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी शेरा लीड्सला पोचला. 

त्यानंतर पाच-सहा महिने काही नाही. ट्रक पीं-पीं करत येत होते. मी मधून मधून त्या पुठ्ठ्याकडे बघत होतो. फेकायचा राहून गेला.

मागच्या आठवड्यात पोस्टाने पत्र आलं. दोन पानं, दोन्हीला समास.

'प्रति, माननीय पेटी कारखानदार, धुळे. विषय: त्रुटीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, पेटीवरील मजकूर मी दिला होता. आपण हरकत घेतली होती, ती मी फेटाळली. ती त्रुटी नव्हती. चूक होती.

'दुसरे असे की, भूखंडासाठी आपण केलेला सातवा अर्ज पूर्ण होता. टाचणी डाव्या कोपऱ्यात असावी असा नियम कोठेही नाही. तो मी केला. पूर्ण अर्ज टेबलावर आला म्हणजे पुढे काय करायचे असते, हे मला कोणी शिकवले नव्हते. मुंबईच्या त्या मॅडमनी सगळे बरोबर आहे, जा, असे म्हटले तेव्हा प्रथम कळले की असे म्हणताही येते.

'शेरा बरा आहे. इकडची गादी त्याने नाकारली. आपल्या पेटीतच झोपतो. मुलगी कामावर गेली की इथे अहिराणी समजणारे आम्ही दोघेच. उलट टपाली उत्तर मिळावे ही विनंती. आपला, अर्जदार.'

मी पत्र तीनदा वाचलं. टाचणीचा नियम नव्हता, हे मला बावीस वर्षं वाटतच होतं. आता ते सहीनिशी हातात आलं तर कुणावर ओरडू? बायकोने विचारलं काय लिहिलंय. मी म्हणालो, काही नाही, ऑफिसचं आहे.

दारावर फळी मोकळी होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते पोस्टाने कळवण्यासारखं नाही. समोर बसून सांगायचं असतं.

मग माझ्या लक्षात आलं. मी पत्र उचललं आणि ते बघायचे तसं बाजूने पाहिलं. दोन पानं टाचणीने जोडली होती. टाचणी उजव्या कोपऱ्यात होती. त्या माणसाने, तीस वर्षांच्या सवयीच्या हाताने, ती मुद्दाम तिथे लावली होती.

मी बाजारातून हिरवं पेन आणलं. मला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांच्याच पत्राच्या समासात, डावीकडे, नीट अक्षरात शेरा मारला आणि पत्र परत पाठवलं:

'टाचणी उजव्या कोपऱ्यात आहे. सबब अर्ज परत. अर्जदाराने त्रुटी पूर्ण करून धुळे येथे स्वतः समक्ष, शेऱ्यासह सादर व्हावे.'